पाचशे लिटर उजेड

टाकीतला दिवा गेला तेव्हा दुपारचे सव्वाचार वाजले होते, आणि केसरने डोळे मिटले. झालं ते एवढंच. दिवा आधी दोनदा फडफडला, पाण्यातलं गवत एकदम काळं पडलं, मासे जागच्या जागी थबकले आणि माझी बायको, जी अकरा महिन्यांपासून त्या काचेकडे बघत बसलेली आहे, तिने डोळे मिटले. मिटले म्हणजे उजवा मिटला. डावा मिटत नाही. लकवा मारला तेव्हापासून त्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर येऊन अडकते आणि खाली पांढऱ्याची एक चीर उघडी राहते. डॉक्टरांनी थेंब दिलेत, झोपताना वरून चिकटवायला कागदी पट्टी दिलीय. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. राहिला डावा हात आणि राहिली माशांमागे फिरणारी नजर. मासा या टोकाकडून त्या टोकाला गेला की तिची बुबुळं त्याच्यामागे जायची. मी खुर्ची टाकून शेजारी बसायचो आणि ती बुबुळं बघायचो. गेली. परत आली. बाई आहे अजून आत. अकरा महिने मी या एवढ्यावर काढले. आणि आता तेही बंद पडलं. मी हाक मारली, "केसर." काही नाही. "ए केसर, इकडे बघ." तिने एक लांब श्वास सोडला. मला वाटलं, चालली.

चालली नव्हती, झोपली होती. पण ती दुपारी कधीच झोपायची नाही, त्यामुळे मला ते झोपणं वाटलंच नाही. मी स्टुलावर चढलो, टेस्टर लावला. एकतीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन म्हणून पोलवर काढली, गावंच्या गावं उजेडात आणली, आणि घरात एका काचेच्या पेटीतला दिवा जळाला तर टेस्टर कुठे लावायचा ते सुचत नव्हतं. एलईडीची पट्टी ठीक होती, तिला वीज देणारा डबा पाण्याच्या वाफेनं आतून हिरवा होऊन जळाला होता. तसला डबा आता कुठे मिळत नाही. टाकी आमच्या मृणालीने आणलेली. ती एकुलती एक, धुळ्याला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिथल्या एका दातांच्या डॉक्टरने दवाखाना बंद केला तेव्हा त्याच्या बसायच्या खोलीतली टाकी तिने पडेल भावात उचलली. म्हणाली, बाबा, दाढ दुखत असलेली माणसंसुद्धा त्या टाकीसमोर गप्प बसायची, आईला बरं वाटेल. सहा फूट लांब, दोन फूट उंच, दीड फूट रुंद. टेम्पोत खाली केळीची ओली पानं टाकून, त्यांच्यावर लहान लेकरासारखी आडवी ठेवून धुळ्याहून जळगावला आणली. स्टँड मी अँगल कापून स्वतः वेल्डिंग केला. पाचशे लिटर पाणी. आमच्या कॉलनीत नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं, त्यामुळे पहिला आठवडा शेजारी दारातून डोकावून जायचे आणि जाताना कपाळाला आठ्या न्यायचे. एक जण म्हणालाच, माणसांना प्यायला नाही आणि यांच्याकडे मासे पोहतात. मी म्हटलं, तुमच्या बंगल्याच्या गाडीला रोज आंघोळ असते, ती कोणत्या नळाची? पुन्हा आला नाही.

त्याच संध्याकाळी मी गावातल्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक चकचकीत खोकं काढलं. गवतासाठी लाल किरण वेगळे, माशांच्या रंगासाठी निळे वेगळे, मोबाइलवरून सकाळ होते, मोबाइलवरून संध्याकाळ होते. चौदा हजार. मी किंमत दोनदा विचारली. माझी पेन्शन तीन हजार दोनशे आहे. एकतीस वर्षं ज्यांच्या घरात मी उजेड पोचवला त्यांना हा आकडा सांगितला तर त्यांना वाटतं मी एखादं शून्य विसरलो. "याच्यात स्वस्त काही?" मी विचारलं. तो खोकं परत ठेवत म्हणाला, "स्वस्त पाहिजे तर टाकी छोटी घ्यायची होती ना काका." बरोबर आहे. आमच्यासारख्यांनी टाकी छोटी घ्यावी, घर छोटं घ्यावं, दुखणंही छोटं घ्यावं. तोंड उघडलं असतं तर काच फुटली असती, म्हणून दुकानातून बाहेर पडलो.

घरी येऊन मृणालीला फोन लावला. ती ड्यूटीवर होती, मागे कुठलीतरी मशीन टुकटुक वाजत होती. "अहो बाबा, दोन दिवस अंधारात राहिले तर मरत नाहीत मासे." मी म्हटलं, "मासे जाऊ दे खड्ड्यात, तुझ्या आईने डोळे मिटलेत." "ताप आहे?" "नाही." "श्वास?" "चालू आहे. नीट चालू आहे." "मग झोपू द्या ना तिला," ती म्हणाली. मला तिचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. नर्स झाली म्हणून हिला मरण रोजचं झालंय, असं काहीतरी मी मनात म्हणालो. केसर त्या रात्री सलग झोपली, ट्यूबच्या उजेडाचा भरवसा वाटेना म्हणून मी पलंगाच्या पायथ्याशी मोबाइलची बॅटरीही लावून तिची छाती वरखाली होतेय का ते बघत बसलो.

सकाळच्या एसटीने धुळ्याला निघालो. लताबाईंना, आमच्या शेजारच्या, केसरपाशी बसवलं. त्याच तिला रोज आंघोळ घालतात. एरंडोल गेलं, पारोळा आलं. बसमध्ये बसलं की मी अजून पोल मोजतो. कुठला वाकलाय, तारेखालच्या कुठल्या चिनी मातीच्या चिमणीला तडा आहे, कुठे तार सैल आहे. मोजता मोजता दरवेळी मी एकाच पोलपाशी येतो, जो या रस्त्यावर नाहीच. तो सावद्याच्या बाजूला आमच्या गावात आहे. गावात लाइट आली तेव्हा मी पाच वर्षांचा असेन. पोल येत गेले, पाटलाच्या गल्लीतून, सोनाराच्या गल्लीतून, देवळाला वळसा घालून, आणि गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्याच्या आधी सत्तर पावलांवर संपले. सत्तर म्हणजे सत्तर, मी चालून मोजलेत. तारा संपल्या म्हणाले. तारा नेमक्या आमच्यापाशी कशा संपतात हे विचारायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. पुढे चार वर्षांनी माझी माय बाळंत झाली. भादव्यातली रात्र, घरात रॉकेलची एक चिमणी, तीही वाऱ्याने विझायची. लेकरू रडलं, सगळ्यांना वाटलं सुटली. माय गप्प पडून होती. दाईला वाटलं दमलीय, झोपलीय. माझा बाप, उखर्डू, बाहेरून दहादा विचारत होता, आत बाया सांगत होत्या, झोपली, झोपू द्या. मी मायच्या पायाशी झोपलो होतो. मला अंथरूण ओलं लागलं, कोमट, मी म्हटलं लेकराने केलं. अंधारात रक्त लाल नसतं हो. अंधारात ते फक्त ओलं असतं. कोणीतरी चिमणी जवळ आणली तेव्हा गोधडीतून खाली जमिनीवर उतरलं होतं. सत्तर पावलांवर बल्ब जळत होता, त्याच्याखाली एक कुत्रं झोपलं होतं. ते कुत्रं मला अजून ओळखीचं आहे. झोपू द्या, हा शब्द मला तेव्हापासून चालत नाही. आणि पोरीने नेमका तोच वापरला.

मी लाइनमन झालो ते त्या सत्तर पावलांसाठी. बदली मागून मागून रावेर तालुक्यात घेतली आणि आमच्या वाड्यातला पहिला पोल स्वतः उभा केला. बापाने खाली उभं राहून वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला आणि घरात निघून गेला. मला वाटलं आनंदाने रडायला गेला. आता वाटतं, मला काय ठाऊक. तेव्हापासून माझ्या घरातला दिवा मी बंद करू दिला नाही. ओट्यावरचा रात्रभर, मोरीतला रात्रभर, झोपायच्या खोलीत झिरोचा नाही, ट्यूबच. केसर लग्न करून धुळ्याकडच्या खेड्यातून आली, आधी तोंडावर पदर ओढून झोपायची. मग सवय झाली. म्हणजे मी धरून चाललो की झाली.

आग्रा रोडच्या एका आतल्या गल्लीत भिकमचंद शेठचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. माझी त्यांची ओळख तीस वर्षांची. मी दिसलो तसे ते गादीवरूनच ओरडले, "या या देवचंदभाऊ! पोलवरून उतरले की नाही अजून?"

"गुडघ्यांनी उतरवलं, शेठ."

चहा आला. मी काम सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "माशांच्या पेटीसाठी? माझ्या दुकानातून? लाडकुंवरला कळलं तर आज माझं जेवण बंद. ती पर्युषणात पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडते, आणि तिचा नवरा माशांच्या जेलला लाइट देणार!"

"जेल नाही शेठ, दवाखाना आहे," मी म्हटलं आणि केसरचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. केसरच्या हातचं त्यांनी कधी खाल्लं नाही, खाणारही नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. पण मृणालीच्या लग्नासाठी स्थळ बघायची वेळ आली तेव्हा मंडपातले दिवे माझ्याकडून असं ते आपण होऊन म्हणाले होते. माणूस असा दोन्हीकडून असतो. ते उठले, स्वतः शिडीवर चढले आणि एक काळा चौकोनी दिवा काढला. "चौदा हजार विसरा. हा फ्लड. पन्नास वॅट. लग्नाच्या लॉनवाले नेतात, पाऊस पडला तरी याला काही होत नाही, तुमची वाफ काय करणार? पांढरा, उन्हासारखा. गवतालासुद्धा चालेल. सातशे रुपये. वर छताला टांगा, पाण्यापासून दीड हात लांब. एक बस झाला."

"सहा फुटांची आहे. तीन द्या."

"तीन?" शेठ शिडीवरच थांबले. "मासे पाळताय का वाळवताय?"

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. "किती तास लावणार?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चोवीस. मग ते खाली उतरले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, माशाला पापणी नसते. त्याला डोळा मिटता येत नाही. त्याच्यासाठी दिवा आपण मिटायचा असतो. आठ तास द्या, बाकी अंधार द्या. आमच्यात तर सूर्य गेल्यावर जेवतसुद्धा नाहीत. अंधारपण लागतो जीवाला."

का कोण जाणे, माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "शेठ, तुमच्याकडे अंधार नियम म्हणून पाळतात. आमच्याकडे तो न पाळता होता." गल्ल्यावरचा पंखा फिरत राहिला. शेठनी तिन्ही दिवे खोक्यात घातले, सुतळीने बांधले, वर दोन मीटर वायर फुकट टाकली. सुतळीची गाठ मारताना एकदाच म्हणाले, "वहिनींना विचारा." मी म्हटलं, "ती बोलत नाही." "मी कुठे म्हटलं ती सांगेल," शेठ म्हणाले, "मी म्हटलं, विचारा."

दुसऱ्या दिवशी छताला पाइप बांधून तिन्ही दिवे टांगले. बटण दाबलं आणि खोली पांढरी झाली. पाण्याचा तळ दिसला, गवताच्या पातीवरची शीर दिसली, भिंतीवरच्या पोपड्यांच्या सावल्या दिसल्या. आणि केसरने डोळे उघडले, मोठे, गोल, कोणी अचानक हाक मारावी तसे. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. "बघ केसर, एकवीसशे रुपयांत सूर्य आणलाय." लताबाई पोळ्या घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. "अगंबाई! भाऊ, हे घर आहे का क्रिकेटचं ग्राउंड?" मी म्हटलं, "बसा, मॅच बघा." त्या बसल्या नाहीत. डोळ्यांवर हात धरून पोळ्या ठेवल्या आणि गेल्या. डोळ्यांवर हात. बापासारखा. माझ्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही. ध्यानात कसं येणार, मला केसर दिसत होती ना. तिच्या गळ्याची शीर दिसत होती, ओठ दिसत होते, झोपली तरी छाती दिसत होती. मोबाइलची बॅटरी नको. पंधरा दिवस मी इतका शांत झोपलो की विचारू नका.

पंधरा दिवसांत टाकी हिरवी झाली. आधी काचेवर धूळ बसावी तसा एक थर, मग लव, मग पाणीच मुगाच्या कढणासारखं. मी रोज जुन्या ब्लेडने काच खरवडायचो, दुसऱ्या दिवशी परत. पाचही एंजल मासे फिल्टरच्या नळीमागे जाऊन उभे राहायला लागले, एकावर एक, अंग चोरून. त्यांच्या अंगावरचे काळे पट्टे उडाले. आणि केसरचा डावा डोळा लाल झाला. त्यातून पाणी गळायचं, गालावरून कानात जायचं. मला वाटलं रडते, माशांसाठी रडते, काच हिरवी झाली म्हणून. मी आणखी जोराने खरवडायचो. दुसरं एक होतं, ते मी कुणाला सांगितलं नसतं. तिच्या गाउनवर लताबाई डोक्यावरून जुन्या पातळाचा तुकडा घालतात, सवयीचा म्हणून. तो तुकडा रोज तिच्या तोंडावर यायचा. मी मागे सारायचो. पुन्हा यायचा. पुन्हा सारायचो. दिवसातून वीस वेळा. म्हणायचो, "घसरला बघ, तुला मासे दिसत नसतील."

त्या दिवशी दुपारी लताबाई तिचे केस विंचरत होत्या. मी तो तुकडा मागे सारला तशा त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लाइनमन होते की आंधळे?"

"काय झालं?"

"तो घसरत नाही. वहिनी ओढतात. डाव्या हातानं. मी पंधरा दिवस बघतेय, त्या ओढतात, तुम्ही काढता. मी म्हटलं नवरा-बायकोचं काही असेल, आपण कशाला बोला."

मी केसरच्या हाताकडे बघितलं. पातळाचा काठ तिच्या मुठीत होता, नखं पांढरी झाली होती. मी तो सोडवायला गेलो, म्हणजे खात्री करायला, आणि तिने सोडला नाही. अकरा महिन्यांत तिने मला पहिल्यांदा विरोध केला. मी थोडा ओढला, तिने ओढला. मग तिच्या घशातून काहीतरी वर आलं, अडकलं, पुन्हा वर आलं.

"डोया," ती म्हणाली.

डोया. तिच्या माहेरचा डोळा. लताबाईंच्या हातातला कंगवा खाली पडला. मी स्टुलावर चढलो नाही, बटण शोधलं नाही, वायरच हिसकली. खोली संध्याकाळसारखी झाली. केसरच्या खांद्यातून काहीतरी खाली उतरलं, ओझं उतरावं तसं, आणि उजवा डोळा मिटला, डाव्यावर तिने स्वतः पातळ ओढलं. मला एकदम ओटा आठवला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी लोडशेडिंग असायचं तेव्हा. संध्याकाळी लाइट गेली की कॉलनीतले लोक मला, लाइनमनला, शिव्या द्यायचे, मी तोंड लपवून बाहेर पळायचो, आणि ही चुलीवरचं उतरवून ओट्यावर जाऊन बसायची. पाय लांब करून. एकदा मी विचारलं, अंधारात काय करते गं? तर म्हणाली होती, "लाइट गयी, बरं व्हयनं, मृणालीना बाप. आते मी मनी शे." आता मी माझी आहे. उजेड असला की कोणी पाणी मागतं, कोणी शर्टाचं बटण, कोणी अभ्यास. अंधार झाला की कोणाला ती दिसत नाही. मी तेव्हा हसलो होतो. मी हसलो आणि त्याच आठवड्यात चार्जिंगचा कंदील आणून ओट्यावर टांगला. उजेड आणला म्हणून फुशारक्या मारणारा माणूस मी. ज्यांनी माझ्या मायला उजेड दिला नाही त्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या, आणि हिला अंधार दिला नाही त्याबद्दल मला कोणी शिवी घालणारं नव्हतं. टाकी तिला मासे बघायला नव्हतीच. टाकीच्या उजेडात ती मला दिसावी म्हणून होती.

दोन दिवे काढून खोक्यात भरले. एकच ठेवला, छताच्या अगदी जवळ नेला, त्याला दुधी प्लास्टिकचा तुकडा बांधला. मग माझ्या पेटीतून लटकता बेड-स्विच काढला, दिव्याची वायर कापून त्याच्यातून घेतली आणि तो स्विच केसरच्या डाव्या हाताशी पलंगाला बांधला. आमच्या कामात एक नियम आहे. पोलवर चढायच्या आधी सबस्टेशनला परमिट घ्यायचं, लाइन बंद करून घ्यायची. मग ज्याने परमिट घेतलं त्यानेच परत येऊन स्वतःच्या सहीने ते परत केल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. साहेब सांगू दे, मंत्री सांगू दे. एकदा नुसत्या निरोपावर चालू झाली होती आणि माझ्या जोडीच्या अमृतचे दोन्ही हात कोपरापासून गेले. मी तिला हे सगळं सांगितलं, लाइनवरच्या नव्या माणसाला सांगतात तसं. "परमिट तुझ्याकडे. मी हात लावणार नाही." मी तिचा अंगठा स्विचवर ठेवला. तो तिथे राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने दिवा लावला. मासे नळीमागून एकेक करून निघाले. तिची नजर त्यांच्यामागे गेली, परत आली. सहाच्या सुमाराला तिने तो बंद केला. मी शेजारीच होतो. बाहेर दिवस मावळत होता, पाण्यात फक्त फिल्टरचे बुडबुडे वाजत होते. हळूहळू तिचा चेहरा गेला, मग हात गेला, मग पातळाचा पांढरा काठ तेवढा राहिला, मग तोही गेला. मला तिच्या पलंगावर टेकलेल्या माझ्या तळहातांखाली चादर ओली लागायला लागली. माझाच घाम होता, मला माहीत होतं माझाच आहे, तरी मी उठलो. चाळीस वर्षांची सवय लागलेला हात आपोआप ट्यूबच्या बटणाकडे गेला.

"अं," मागून आवाज आला.

हात बटणावर होता. लाइन बंद होती आणि परमिट माझ्या नावावर नव्हतं. मी हात खाली घेतला, चाचपडत खुर्चीपाशी आलो, बसलो. तिचा श्वास ऐकू येतो का ते ऐकत राहिलो. येत होता.